गिरणीतील क्रीडागृह

किल्ले, राजवाडे, देवळे आणि लढाया यांचा इतिहास लिहिण्याची आपणांस चांगली सवय झालेली आहे. परंतु लोक पदरचे पैसे देऊन ज्या ठिकाणी दोन घटका हसावयास व खेळावयास जातात, त्या ठिकाणांचा इतिहास लिहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अशी जागा बंद पडली म्हणजे तिची दप्तरे कोणी जपून ठेवीत नाही. पाटी उतरते, आतील यंत्रे दुसरीकडे जातात, भिंतींना नवा रंग बसतो, आणि वीस वर्षांनी त्याच रस्त्याने जाणारा मनुष्य 'येथे पूर्वी काय होते बरे?' असा प्रश्न करून पुढे चालू लागतो. मुंबईत लोअर परळ येथे, फिनिक्स गिरणीच्या आवारात, विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस निघालेले 'द बोलिंग कंपनी' नावाचे बंदिस्त क्रीडागृह याच जातीचे होय. आज ते तेथे नाही. ते नाहीसे झाले म्हणून कोणी हळहळले असेही दिसत नाही. तथापि त्याची हकीकत मनोरंजनाची हकीकत म्हणून सोडून देण्याजोगी नाही. तिचा एक धागा वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) यासारख्या कापूस पिकविणाऱ्या गावांपर्यंत येऊन पोचतो, आणि त्या धाग्यानेच ती सांगावी असे योजिले आहे.

कारंजा म्हटले की बहुतेकांस लाडांचे कारंजे आठवते. हे कारंजे घाडग्यांचे. नागपुराहून अमरावतीस जाणाऱ्या हमरस्त्यावरचे. पूर्वी ते आर्वी तालुक्यात मोडत असे, आता स्वतः तालुक्याचे ठाणे आहे. अलीकडे या बाजूस संत्र्याच्या बागांचे नाव अधिक ऐकू येते. परंतु काळ्या जमिनीचे जुने पीक म्हणजे कापूस, आणि या प्रदेशाचा बाहेरच्या जगाशी जो संबंध जडला तो कापसाने. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला. तेव्हा इंग्लंडातील व्यापाऱ्यांनी जे नकाशे उलगडले त्यांत वऱ्हाड आणि वर्धेचे खोरे ही नावे ठळक झाली. 'हिंगणघाट' हे नुसते गावाचे नाव न राहता लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका वाणाचे नाव होऊन बसले. १८६७ साली आगगाडी नागपुरापर्यंत पोचली. पुढे १९१७ साली पुलगाव ते आर्वी ही लहान रुळांची गाडी सुरू झाली आणि आर्वीच्या बाजारात उतरलेल्या कापसाच्या गाठी तिच्यावर चढू लागल्या. बैलगाडी, जिनिंग, प्रेस, लहान गाडी, मोठी गाडी, आणि शेवटी मुंबई, असा हा प्रवास. मुंबईस पोचल्यावर काही गाठी बोटीवर चढत, काही तेथील गिरण्यांत जात.

सगळाच कापूस एवढ्या लांब जाई असे नाही. हिंगणघाट आणि पुलगाव येथे गिरण्या निघाल्या होत्या, आणि नागपुरास जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली एम्प्रेस मिल तर हाकेच्या अंतरावर होती. त्या एम्प्रेस मिलच्या जागेवरही पुढे दुकानांचा मोठा मॉल उभा राहिला, हे नागपूरकरांस सांगावयास नको. परंतु गिरणी जाऊन तिच्या जागी खेळ आला, आणि तोही कामगारांच्याच नावाने आला, असा वाद जेथे माजला ते ठिकाण मुंबईचे आहे. म्हणून आपणांस तिकडे वळले पाहिजे.

मात्र त्यापूर्वी क्षणभर लँकेशायरमध्ये डोकावणे अवश्य आहे. कारण यंत्रावर दिवसभर राबणाऱ्या माणसाची करमणूक हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो, हे जगास प्रथम ठळकपणे दिसले ते कापसाच्या त्या मुलखात. तेथील प्रत्येक गिरणी-गावाचा 'वेक्स वीक' नावाचा एक सप्ताह ठरलेला असे. मूळची ही ग्रामदेवतेच्या जत्रेसारखी चर्चची जत्रा. गिरण्या आल्यावर तिचे रूप पालटले. त्या सप्ताहात सबंध गाव बंद. बॉयलर थंड, भोंगा मुका, आणि निम्मे-अधिक गाव आगगाडीत बसून समुद्रकाठच्या ब्लॅकपूल या शहरी रवाना. हा आठवडा बिनपगारी असे. इंग्लंडात पगारी सुट्टीचा कायदा १९३८ साली झाला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. म्हणून विणकर बायाबापड्या वर्षभर पेनी-पेनी भिशीत टाकून या आठवड्याची तरतूद करीत. त्यांच्या या पेन्यांवर ब्लॅकपूल उभे राहिले. समुद्रकाठचा पाऊस प्रसिद्धच आहे. तेव्हा पैसे घेऊन आलेला पाहुणा पावसामुळे परत जाऊ नये म्हणून छपराखाली सारे जग मांडण्याची कल्पना तेथे निघाली. १८७८ साली 'विंटर गार्डन्स' ही बंदिस्त विहारशाळा उघडली. १८९४ साली पाचशे अठरा फूट उंचीचा मनोरा उभा राहिला. त्याच्या पायथ्याच्या इमारतीत सर्कस, मत्स्यालय आणि नाचाचे दालन ही सर्व एका छताखाली होती. आजकाल मॉलमध्ये जो खेळांचा मजला असतो त्याचे पणजोबा म्हणून या इमारतीकडे बोट दाखविता येईल. आणि त्या नाचाच्या दालनात जी पोर गिरकी घेत असे, तिच्या साच्यावर आठवडाभरापूर्वी हिंगणघाटी कापूस चढला असण्याचा संभव काही थोडा नव्हता.

आता मुंबई. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवास तिचे काम सुरू झाले. पुढील पंचवीस-तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या बाजूंस चिमण्यांचे रान उठले. तेथे राबणाऱ्या कोकणी आणि घाटी माणसास करमणूक तर राहोच, आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव येथे कृतज्ञतेने घेतले पाहिजे. जोतिराव फुल्यांचे हे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवून जे मागणीपत्र तयार केले त्यावर साडेपाच हजार सह्या झाल्या. त्यांतील पहिली मागणी पगारवाढीची नव्हती. रविवारच्या सुट्टीची होती. रविवार हा साहेबाच्या देवळाचा वार खरा, पण तो खंडोबाचाही वार आहे, हे मराठी कामगारास कोणी शिकवावे लागत नव्हते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या मंडळाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज आपण सर्व, कचेरीत बसणारे सुद्धा, ज्या रविवारी उशिरा उठतो तो रविवार मागणाऱ्यांत गिरणीच्या खात्यातून घाम पुसत बाहेर आलेली ही माणसे होती.

त्या रविवारी कामगाराने काय केले? त्याच्यासाठी कोणी विहारशाळा बांधली नाही. मुंबईस समुद्र होता, पण ब्लॅकपूल नव्हते. त्याने आपली करमणूक गावाहून बांधून आणली. कोकणातून दशावतार आणि नमन आले, देशावरून तमाशा आणि भेदिक आले. चाळीच्या गॅलरीत भजनी मंडळे बसू लागली. तालमीत लाल माती पडली. गणपतीच्या आराशीसाठी कापडखात्यातला मनुष्य रात्र-रात्र जागू लागला. पठ्ठे बापूरावांच्या फडास मुंबईत जी गर्दी होई तीत गिरणीच्या माणसांचा भरणा मोठा असे. लालबागचा गणपती १९३४ पासूनचा. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' काढले. तेव्हा करमणूक आणि चळवळ यांच्या मधली भिंत पार पडून गेली. या साऱ्याला लागणारी जागा म्हणजे चाळीचे पटांगण, रस्त्याचा कोपरा, फार तर तात्पुरता मांडव. पक्क्या भिंतींची म्हणून जी जागा लाभली ती ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगमुळे. १९११ साली स्थापन झालेल्या या संस्थेने परळास १९२२ साली दामोदर नाट्यगृह उभे केले. दिवसभर साचे सांभाळणारा मनुष्य संध्याकाळी तेथे तोंडास रंग लावून उभा राही. कामगार रंगभूमी या नावाने पुढे जी ओळखली गेली तिचे बरेचसे बाळपण या नाट्यगृहात गेले आहे. आमच्या मते गिरणगावाची खरी विहारशाळा ती हीच. तिचे छत गळत असेल, खुर्च्या मोडक्या असतील. पण तेथे येणारा मनुष्य ती आपली समजे.

फिनिक्स ही गिरणी १९०५ सालची, रुइया घराण्याची. तुळशी पाइप रोड, ज्यास आता सेनापती बापट मार्ग म्हणतात, त्याच्या कडेस ती उभी होती. गिरणगावातील अनेक गिरण्यांसारखीच तीही. पहाटेचा भोंगा, पाळ्या, त्रासन खाते, साचे खाते, जॉबरची मर्जी, दरवाजाशी ताटकळणारे बदली कामगार, आणि आसपासच्या खाणावळींत मांडलेली पाने. या जगाचा शेवट १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला असे म्हटले जाते. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. परंतु अंत तेथे सुरू झाला हे म्हणणे पुरतेपणी खरे नव्हे. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्वस्त स्पर्धा आणि जमिनीचे चढते भाव या गोष्टी आधीपासूनच गिरणीच्या मुळाशी लागल्या होत्या. कापड विकून मिळे त्याहून कापड जेथे विणले जाते ती जागा विकून अधिक मिळेल, असा हिशेब एकदा जुळला म्हणजे भोंग्याचे दिवस भरलेच म्हणावयाचे.

१९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्न क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकासास काढली तर तिचे साधारण तीन वाटे करावेत, एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक घरांसाठी म्हाडास, आणि उरलेला मालकास, असे त्याचे सार. नियम कागदावर नेटका होता. पण मालकाने जमीन मोकळी न करता जुनीच इमारत वापरात ठेवली, तर वाटे कशाचे करावयाचे? या फटीतून पुष्कळ काही आत शिरले. फिनिक्सच्या आवारात शतकाच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत 'द बोलिंग कंपनी' आणि 'फायर अँड आइस' नावाची नाचघराची जागा या दोहोंचा प्रवेश झाला तो याच सुमारास.

बोलिंग हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नव्हता, म्हणून त्याविषयी दोन शब्द. गुळगुळीत लाकडी पट्टीच्या एका टोकास खेळाडू उभा राहतो. साठ फुटांवर दहा खुंट्या त्रिकोणात मांडलेल्या असतात. बोटे घालण्यास तीन भोके असलेला जड गोळा घरंगळत सोडून त्या पाडावयाच्या. आपल्या लगोरीचा हा सावकार नातेवाईक म्हणाना! खेळ मोठा प्राचीन आहे. मिसर देशातील एका मुलाच्या कबरीत फ्लिंडर्स पेट्री या संशोधकास पाच हजार वर्षांपूर्वीच्या अशा खेळण्याचे गोळे आणि खुंट्या सापडल्या. जर्मनीतून हा खेळ अमेरिकेत गेला. १८४० साली न्यूयॉर्क शहरात छपराखालची बोलिंगशाळा निघाली. नऊ खुंट्यांच्या खेळावर जुगार फार चालतो म्हणून कनेक्टिकट संस्थानाने १८४१ साली त्यास बंदी केली. लोकांनी दहावी खुंटी वाढवून कायद्यास बगल दिली अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, कायद्याची फट शोधण्याची कला या खेळाच्या पत्रिकेतच आहे असे मात्र गमतीने म्हणता येईल. १८९५ साली अमेरिकेत मंडळ स्थापन होऊन नियम एकसारखे झाले.

या खेळातील एक गोष्ट गिरणीच्या संदर्भात फार बोलकी आहे. पडलेल्या खुंट्या पुन्हा उभ्या करण्याचे काम पूर्वी पोरे करीत. पट्टीच्या पलीकडच्या टोकास खड्ड्यात दडून बसावयाचे, खुंट्या पडल्या की उडी मारून त्या मांडावयाच्या, गोळा उलट धाडावयाचा आणि पुढचा गोळा येण्यापूर्वी पाय वाचवावयाचे. सुताच्या यंत्राखाली तुटका धागा सांधण्यास वाकणाऱ्या पोराहून हे काम फारसे निराळे नव्हते. १९४६ साली खुंट्या मांडणारे स्वयंचलित यंत्र अमेरिकेत लोकांपुढे आले आणि १९५० नंतरच्या दशकात ते सर्वत्र पसरले. पोरांची मजुरी गेली, आणि खेळघरे मोठी होत गेली. म्हणजे फिनिक्सच्या छपराखाली जो खेळ मांडला गेला त्याने स्वतःचे मजूर अर्धशतकापूर्वीच यंत्रास वाहून टाकलेले होते. गिरणीच्या जागेत येताना त्यास माणसे लागत होती ती तिकीट फाडण्यास, भाड्याचे बूट देण्यास आणि दारावर पहारा करण्यास.

आत जाणाऱ्यास काय दिसे? बाहेर परळचा दमट उकाडा आणि आत वातानुकूलित गारवा. मंद प्रकाश, चकाकणाऱ्या पट्ट्या, डोक्यावर गुण दाखविणारे पडदे, गोळ्यांची गडगड आणि तिच्यावर ताण करणारे संगीत. मध्यमवर्गातील मुलामुलींस हे सर्व अगदी नवे होते. परदेशी चित्रपटांत पाहिलेली गोष्ट हाताशी आली याचा आनंद खोटा नव्हता, आणि त्यावर नाके मुरडण्याचे कारण नाही. खेळ हा खेळच आहे. जवान पोरांनी दोन तास गोळे घरंगळविले तर त्यात कोणाचे पाप आहे?

वाद खेळाचा नव्हताच. वाद त्या जागेवर लिहिलेल्या नावाचा होता. गिरणगाव बचाव आंदोलन आणि लोकशाही हक्क संघटना यांनी २००० साली 'मर्डर ऑफ द मिल्स' नावाचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा विषय फिनिक्स गिरणी हाच होता. कामगारांच्या करमणुकीसाठी आणि खेळासाठी म्हणून जी परवानगी मिळाली तिच्या आधारे कामगारांस परवडणार नाही असे बोलिंगघर उभे राहिले, हा कामगार कार्यकर्त्यांचा मुख्य आक्षेप त्या काळी वर्तमानपत्रांतूनही गाजला. ज्या कामगाराची देणी थकली आहेत, ज्याच्या चाळीचे पाणी केव्हा तुटेल याचा नेम नाही, त्याच्या मनोरंजनासाठी ही सोय आहे असे कागदाने म्हणावे, आणि त्याने दाराशी गेले असता त्याच्याच वयाच्या पहारेकऱ्याने त्यास हटकावे, यातील विसंगती कोणासही पेलण्यासारखी नव्हती. तो पहारेकरी स्वतः कालपर्यंत एखाद्या गिरणीत बदली कामगार असणे हीदेखील त्या वर्षांत नवलाची गोष्ट राहिलेली नव्हती. लोखंड्यांनी रविवार मागितला तेव्हा कामगारांची करमणूक ही मालकास अडचणीची मागणी वाटली होती. एकशेदहा वर्षांनी तीच मागणी मालकाच्या बाजूने अर्जावर चढली! शब्द तेच, मागणारा बदलला, आणि शब्दांचा अर्थ उलटा झाला.

मालकांच्या बाजूनेही एक म्हणणे होते, ते न सांगणे अन्याय होईल. तोट्यातील गिरणी चालविण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. जमीन पडून राहण्यापेक्षा तीवर काही उद्योग निघाला तर शहरास कर मिळतो आणि काहींस रोजगार मिळतो. हे म्हणणे खोटे नाही. त्यात फक्त एवढेच राहून जाते की, ती जमीन नुसती मालकाच्या भांडवलाने मोलाची झालेली नव्हती. तिच्या भोवती चार पिढ्यांनी वस्ती केली, रस्ते, बाजार, शाळा उभ्या केल्या, म्हणून तिला तो भाव आला होता. २००१ साली शासनाने अठ्ठावन्नावा नियम बदलला आणि वाटणीस केवळ मुळातच मोकळी असलेली जमीन धरावी असे ठरविले. त्यामुळे महापालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्यास येणारा तुकडा फारच आकसला. एका पर्यावरण संस्थेने न्यायालयाचे दार ठोठावले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि शासनाचा बदल कायम केला. त्यानंतर गिरणगावात जे काही उंच दिसते ते उभे राहावयास वेळ लागला नाही. दत्ता इस्वलकर यांच्यासारख्यांनी १९८९ पासून बंद गिरण्यांच्या कामगारांची जी संघटना चालविली होती, तिने घरांचा प्रश्न मात्र सोडला नाही. २०१२ साली कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची सोडत निघाली ती या चिकाटीमुळे.

या सर्व धामधुमीत बोलिंगघराचे काय झाले? जे अशा जागांचे होते तेच. आवाराचे नाव 'हाय स्ट्रीट फिनिक्स' झाले, पुढे 'पॅलेडियम'ची झगझगीत इमारत आली, परदेशी पेढ्यांची दुकाने आली. गिरणीचे छप्पर दाखवून परवानगी मागण्याची गरज उरली नाही, आणि जागेचा फूट-फूट इतका महाग झाला की, साठ फूट लांबीच्या पट्टीवर एका वेळी एकाच माणसाने गोळा सोडावा ही चैन जागेस परवडण्याजोगी राहिली नाही. गिरणीस जमिनीच्या भावाने खाल्ले; तिच्या जागी आलेल्या खेळाची पाळीही फार दूर नव्हती. फिनिक्स ही गिरणी म्हणून ऐंशी वर्षांहून अधिक काळ नांदली; बोलिंगघराचे आयुष्य त्याच्या पासंगासही पुरले नाही.

ही अल्पायुष्याची गोष्ट मुंबईपुरती नाही. अमेरिकेत शिकागोजवळ 'ओल्ड शिकागो' नावाचे एक प्रचंड घुमटाखालचे क्रीडानगर १९७५ साली उघडले. आत दुकाने, आत उंच-खोल धावणाऱ्या गाड्या, सारे एकाच छताखाली. पाच वर्षांत, १९८० साली, ते बंद झाले आणि १९८६ साली पाडले गेले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील स्टीपलचेस पार्कची हकीकत त्याहून रंजक आहे. जॉर्ज टिल्यू या गृहस्थाने ते १८९७ साली काढले. १९०७ साली ते आगीत जळाले, तेव्हा या पठ्ठ्याने धुमसते अवशेष पाहण्यास दहा सेंट प्रवेशमूल्य लावले! नंतर त्याने लोखंड आणि काच यांचा पाच एकरांचा 'पॅव्हेलियन ऑफ फन' बांधला, म्हणजे पावसाचे भय उरले नाही. शिवणकामाच्या कारखान्यांतील पोरी, गोदीतील हमाल, नुकतेच बोटीवरून उतरलेले परदेशी, यांच्या नाण्यांवर हे घर १९६४ पर्यंत, म्हणजे दोन पिढ्यांहून अधिक, चालले. फ्रेड ट्रंप या इमारतव्यावसायिकाने जागा घेतल्यावर १९६६ साली ते पाडले. पाडण्यापूर्वी पाहुणे बोलावून मेजवानी केली आणि काचांवर विटा फेकण्याची त्यांस मुभा दिली. त्या काचा फुटताना हळहळणारे लोक न्यूयॉर्कात पुष्कळ होते, आजही त्याविषयी लिहिले जाते. ओल्ड शिकागोविषयी असे फारसे कोणी लिहीत नाही. एक घर आसपासच्या गरिबांच्या दहा-दहा सेंटांवर वाढले होते. दुसरे सावकारांच्या आराखड्यावर एकदम उभे केलेले होते. दोहोंस छप्पर होते, दोहोंत यंत्रे होती.

फिनिक्सच्या आवारात गिरणीची उंच चिमणी तेवढी राखून ठेविली; दुकानांच्या मधोमध ती शोभेची वस्तू म्हणून उभी राहिली. तरुण मंडळी तिच्याखाली उभी राहून छायाचित्रे काढू लागली.

परळच्या दामोदर नाट्यगृहाची गत याच्या उलट झाली. १९२२ सालची ती वास्तू २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आली. तेव्हा नाटकवाले रस्त्यावर आले, जुन्या कामगार नटांची नातवंडे आली, वर्तमानपत्रांतून पत्रे लिहिली गेली, नाट्यगृह पुन्हा त्याच जागी आणि तेवढेच मोठे व्हावे असा आग्रह धरला गेला. त्या आंदोलनात बोलणाऱ्या कित्येकांच्या घरी गिरणीचा पगार येणे बंद होऊन चाळीस वर्षे लोटली होती.